शिफारसपत्रातला सद्गुण

इ.स.पू. १३४ मध्ये चीनच्या हान घराण्यातील सम्राट वू याने एक फर्मान काढले. प्रत्येक प्रांताने दरबाराकडे दोन माणसांची शिफारस करायची: एक आईवडिलांची मनापासून सेवा करणारा, दुसरा पैशाला न भुलणारा. निवडीची कसोटी घराणे किंवा तलवार ही नव्हती. माणसाची वागणूक ही होती. ज्याच्या हाती कारभार द्यायचा तो मुलगा म्हणून कसा आहे हे आधी पाहावे, ही कल्पना आजही मला धाडसी वाटते.

फर्मान निघाले, पण माणसे येईनात. आपण सुचवलेला माणूस पुढे वाईट निघाला तर बालंट आपल्यावर येईल, या धास्तीने प्रांताधिकारी स्वस्थ बसले. म्हणून सहा वर्षांनी सम्राटाला आणखी एक हुकूम काढावा लागला: जो अधिकारी कोणाचेच नाव पाठवणार नाही, तोच दोषी. चांगला माणूस शोधणे हे पुण्यकर्म न राहता सरकारी काम झाले.

वूच्या पणजोबाला हे पाहून नवल वाटले असते. हान घराण्याचा संस्थापक लिउ बांग हा शेतकरी कुटुंबातला, शिपाईगडी. कन्फ्यूशिअसच्या पंडितांची टोपी हिसकावून तो तिच्यात लघवी करी, असे इतिहासकार सिमा छ्येनने नोंदवून ठेवले आहे. पण घोड्यावर बसून जिंकलेले राज्य घोड्यावर बसून चालवता येईल का, हा लू जिआ नावाच्या पंडिताचा प्रश्न त्यालाही निरुत्तर करून गेला. त्याआधीच्या छिन घराण्याचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. छिनने इ.स.पू. २२१ मध्ये सारा चीन एक केला, २१३ मध्ये ग्रंथ जाळले, कायद्याचा आसूड ओढला आणि एकीकरणानंतर पंधराच वर्षांत ते घराणे संपले. आयुष्याच्या अखेरीस, इ.स.पू. १९६ मध्ये, लिउ बांगनेही गुणी माणसे पाठवा म्हणून आज्ञापत्र काढले.

वूने त्या इच्छेला यंत्रणा दिली. इ.स.पू. १३६ मध्ये त्याने कन्फ्यूशिअसच्या परंपरेतल्या पाच प्राचीन ग्रंथांसाठी दरबारी पंडितपदे नेमली आणि १२४ मध्ये ताइश्वे हे राजविद्यालय उभे राहिले. विद्यार्थी अवघे पन्नास, सरकारी वेठबिगारीतून मुक्त. वर्षाअखेर परीक्षा, आणि एका ग्रंथात तरी पारंगत असेल त्याला कारभारात जागा. ही योजना मांडणारा गोंगसुन होंग तरुणपणी समुद्रकाठी डुकरे राखत असे. चाळिशी उलटल्यावर त्याने ग्रंथ हाती घेतले आणि सत्तरी ओलांडल्यावर तो महामंत्री झाला. डुकरे राखणारा महामंत्री होऊ शकतो हे देशाने पाहिले. कोणत्याही उपदेशापेक्षा त्याचा परिणाम मोठा होता. कन्फ्यूशिअसचा विचार पसरला तो नोकरीच्या वाटेने. पुढे इतिहासकार बान गूनेही हेच स्पष्टपणे लिहून ठेवले. यात मला कमीपणा दिसत नाही. पोटासाठी वाचलेला ग्रंथही वाचणाऱ्याला बदलतो.

सम्राटाला मात्र ग्रंथ हवा होता तो अधिकाऱ्यांसाठी, स्वतःसाठी नव्हे. कन्फ्यूशिअसच्या विचाराला राजमान्यता मिळवून देणाऱ्यांत ज्याचे नाव आधी घेतले जाते, तो डोंग झोंगशू शिकवत असे की राजा चुकला की आकाश आपत्तींच्या रूपाने त्याला इशारा देते. राजघराण्याच्या पूर्वजांच्या मंदिराला आग लागली तेव्हा त्याने त्या आगीचाही तसाच अर्थ लावला. त्याला मृत्युदंड फर्मावला गेला, मग माफी मिळाली. त्यानंतर आपत्तींवर बोलण्याचे त्याने सोडून दिले. मोठे पद त्याला कधीच मिळाले नाही. हरलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून सिमा छ्येनला याच वूने खच्ची केले. मीठ आणि लोखंडावर सरकारी मक्तेदारी बसवून युद्धांचा खर्च भागवणारी माणसेही त्याच्याच दरबारात होती. जी आन नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला तोंडावर सुनावले होते की मनात वासना भरलेल्या आहेत आणि वर धर्माचा देखावा चालला आहे.

पण एकदा माणसांच्या हाती मोजपट्टी दिली की ती कशाला लावायची हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. वूच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनी, इ.स.पू. ८१ मध्ये, प्रांतोप्रांतींहून शिफारशीने आलेले साठाहून अधिक पंडित राजधानीत जमले. मक्तेदारी चालवणाऱ्या सांग होंगयांगसमोर उभे राहून सरकारने प्रजेशी व्यापारात स्पर्धा करू नये, असे त्यांनी बजावले. मीठ-लोखंडाचा बंदोबस्त त्यांना फारसा हलवता आला नाही; दारूची मक्तेदारी मात्र उठली. राज्याने निवडलेली माणसे राज्याच्याच धोरणाला ग्रंथाच्या आधाराने जाब विचारत होती. वूच्या साऱ्या विजयांपेक्षा मला हे मोलाचे वाटते.

या पद्धतीला कीडही तिच्या चांगुलपणातूनच लागली. सेवाभावाला नोकरीचे मोल आले, आणि सेवाभावाचे प्रदर्शन सुरू झाले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात झाओ श्युआन नावाचा माणूस आईवडिलांच्या शोकात वीस वर्षांहून अधिक काळ थडग्याच्या भुयारात राहिला. त्याची कीर्ती पसरली, शिफारशी झाल्या. प्रांताधिकारी चेन फानने त्याच्या बायकामुलांची चौकशी केली, तेव्हा कळले की त्याची पाचही मुले याच शोककाळात जन्मली होती. शोकात संसारसुख वर्ज्य असल्याने चेन फानने त्याला शिक्षा केली. असा डोळस अधिकारी प्रत्येक प्रांतात कुठून असणार? बहुतेक ठिकाणी बड्या घराण्यांची मुलेच सद्गुणी ठरू लागली. १३२ मध्ये उमेदवाराला चाळीस वर्षे वयाची अट आणि लेखी परीक्षा आली, ती या वशिल्याला आळा घालण्यासाठी. अंतःकरण तपासता येत नाही, निदान अक्षर तरी तपासावे, हा त्यामागचा विचार. चीनच्या पुढच्या परीक्षापद्धतीचे बीज मला इथे दिसते.

पुढे ताइश्वेतील विद्यार्थी पन्नासावरून तीस हजारांवर गेले. दरबारात खोजांचा अंमल वाढला तेव्हा हे विद्यार्थी आणि त्यांना आदर्श वाटणारे अधिकारी उघड बोलू लागले. १६६ मध्ये धरपकड झाली. १६८ मध्ये खोजांविरुद्ध उभा राहिलेला वृद्ध चेन फान मारला गेला. पुढच्या वर्षी शंभराहून अधिक माणसे बळी पडली, त्यांच्या आप्तांना व शिष्यांना पदबंदी झाली. मग १७८ मध्ये सम्राट लिंगने पदे उघड विकायला काढली. शिफारस नको, परीक्षा नको, पैसे आणा. मोजपट्टी मोडणारे राज्य कशावर टिकणार होते?

हान सत्ता कोसळत असताना पुढे आलेला सेनानी त्सावत्साव तरुणपणी सेवाभावी व निर्लोभ म्हणूनच शिफारशीने नोकरीत आला होता. त्याच्या बापाने मात्र राज्यातले सर्वोच्च लष्करी पद विकत घेतले होते. दोन्ही बाजारांची आतली बाजू पाहिलेल्या या सेनानीने २१० मध्ये जाहीर केले की मला फक्त कर्तबगार माणसे हवीत, चारित्र्यावर डाग असला तरी चालेल. युद्धाच्या धुमाळीत ते त्याला मानवले. पण दहा वर्षांनी त्याचा मुलगा त्साव पी याने हान सम्राटाला गादीवरून उतरवून स्वतःचे राज्य स्थापले, आणि २२४ मध्ये लोयांगला ताइश्वे पुन्हा सुरू करून त्याच पाच ग्रंथांची परीक्षा ठेवली.