पाप कुठवर मोजायचं?

कसारा लोकलने खर्डीला उतरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की एक धाडसी धर्ममत कधीकाळी इथे मुक्कामाला आलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ‘चर्च ऑफ द नाझरीन’चे अमेरिकन मिशनरी शहापूर तालुक्यातल्या खर्डीला आणि शेजारच्या मुरबाडला काम करत होते. श्रद्धावंताला पापाच्या सत्तेतून सुटायला मरणाची वाट पाहावी लागत नाही, ते याच देही घडू शकतं, अशी त्यांची शिकवण. पुढे या मंडळींनी आपलं बस्तान वऱ्हाडात बसवलं. वाशीमचं १९३८ साली सुरू झालेलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्यांचंच.

मराठी कानाला हा दावा खटकतो. इथले संतच स्वतःला पतित म्हणवून घेतात. मग निष्पाप असल्याचं कोण सांगणार? बहुतेक ख्रिस्ती परंपरांनाही तो पचत नाही. श्रद्धावंत एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, असं मार्टिन ल्यूथर मानत असे. वसईचा कॅथलिक भाविक पापकबुलीसाठी धर्मगुरूकडे जातो, तेही पुन्हा चुकणार हे धरूनच. बायबलही सोपी वाट देत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात सुरुवातीलाच, आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो असं येतं. दोन अध्यायांनंतर, देवापासून जन्मलेला पाप करत नाही असंही येतं.

नाझरीनांचा वैचारिक पूर्वज म्हणजे अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली. ख्रिस्ती पूर्णतेवरचं त्याचं पुस्तक १७६६ चं. वेस्लीने पेच सोडवला तो व्याख्येने: ठाऊक असलेला देवाचा नियम स्वेच्छेने मोडणं, हे खरं पाप. अजाणता झालेली चूक, विसर, गैरसमज हे माणसाचं दुबळेपण. त्यालाही क्षमा लागते, पण हिशेब वेगळा. ‘निष्पाप पूर्णता’ हा शब्दप्रयोग त्याला स्वतःलाही नको होता. इतकं आखडून घेतल्यावर निष्पाप जगणं आवाक्यात येतं. थोडं जास्तच सहज येतं, अशी शंका मात्र राहते.

केडगावला घडलं ते याच्या उलट. पवित्र जीवनाची ओढ लागलेल्या पंडिता रमाबाई १८९८ साली इंग्लंडमधल्या केझिकच्या मेळाव्याला जाऊन आल्या होत्या. जून १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती सुरू झाली, तेव्हा मुली आधी ढसाढसा रडल्या आणि आपापली पापं कबूल करत सुटल्या. आनंद नंतर आला. पवित्रतेची मागणी केली की पापाची यादी आखूड होण्याऐवजी लांबतच जाते, हे तिथे दिसलं.

मुरबाड-शहापुरात ही यादी मनाबाहेरही जाते. इथली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधी हातात उचल पडलेली असते, ती फेडायला हंगाम जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली खरी. तरी वेठबिगारांच्या सुटकेसाठी ठाणे जिल्ह्यात १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. यात पापी कोण? मालक म्हणणार, अडीनडीला पैसे मीच दिले. बिल्डर म्हणणार, मी बाजारभावाने विटा घेतल्या. कल्याणला फ्लॅट घेणाऱ्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या कुटुंबाने तर भट्टी पाहिलेलीही नसते.

वेस्लीच्या व्याख्येने हे सगळेच सुटतात असं वाटेल. पण तिच्यातला ‘ठाऊक असलेला’ हा शब्द दुधारी आहे: उचलीची गोष्ट एकदा कळली की अजाणतेपणाची सवलत संपते. वेस्लीने स्वतः ती कुणाला फार काळ दिली नाही. गुलामगिरीवरच्या १७७४ च्या पुस्तिकेत त्याने जहाजाच्या कप्तानाला, व्यापाऱ्याला आणि मळेवाल्याला, तिघांनाही जाब विचारला. फेब्रुवारी १७९१ मध्ये, मृत्यूला आठवडा उरला असताना, त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या विल्बरफोर्सला पत्र लिहिलं. त्यात त्याची चीड होती ती वसाहतींमधल्या एका कायद्याबद्दल: गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाची शपथ तिथे कवडीमोल ठरत असे. भट्टीवर मजुराचा तोंडी हिशेब आणि मालकाची वही जुळली नाही, तर तिथेही वहीच खरी ठरते.