मिळकत किती आणि केव्हा

खेड्यातल्या माणसाला आता काम नको झाले आहे, कारण सरकार त्याला घरबसल्या पैसा देते, हे विधान अलीकडे इतक्या तोंडांनी आणि इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानेही, फुकट धान्य व पैसा मिळत असल्यामुळे लोक काम करावयास तयार होत नाहीत, अशा आशयाचे मत तोंडी व्यक्त केले. न्यायासनाशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्यानंतर एका परिसंवादात एका विद्वान गृहस्थांनी आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्याचा दाखला देऊन, तिकडे सोयाबीनच्या सोंगणीला माणूस मिळत नाही याला कारण बायांना दरमहा दीड हजार रुपये देणारी राज्य सरकारची 'लाडकी बहीण' योजना आहे, असा निकाल देऊन टाकला, तेव्हा मात्र गप्प बसणे मला कर्तव्यच्युती वाटली.

सोंगणीला माणूस मिळत नाही, हे खरे आहे. पण का मिळत नाही? पैनगंगेच्या या खोऱ्यात खरिपाचे बहुतेक शिवार एकाच पिकाखाली गेले आहे. जूनच्या पावसावर सगळ्यांची पेरणी मागेपुढे आठ-पंधरा दिवसांत होते, आणि शंभर दिवसांच्या आसपास पक्व होणारे हे पीक सगळ्यांच्या शेतात एकदमच कापणीला येते. वाळलेल्या शेंगा तडकून दाणा मातीत जाण्याचे भय आणि परतीच्या पावसात तोच दाणा झाडावर कोंबारण्याचे भय, या दोन भयांच्या मधल्या पंधरवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला एकाच वेळी मजूर हवा असतो. आणि ज्यांना मजूर म्हणावयाचे त्यांचीही दोन-तीन एकरे उभी असतात. त्या दिवसांत बाया-माणसे टोळी करून एकराच्या गुत्त्याने सोंगणी घेतात आणि अंधार पडेपर्यंत शेतात वाकलेली असतात. दरमहा दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या आधारावर कोणतीही शहाणी बाई हंगामातली मजुरी सोडत नसते, आणि आमच्याकडच्या बाया चांगल्या शहाण्या आहेत. त्याच गृहस्थांनी फेब्रुवारी ते मे या काळात, हरभरा निघून गेल्यावर आणि तुरीच्या तुऱ्हाट्या घरी आल्यावर, रिसोडच्या चौकात सकाळी येऊन उभे राहावे. हाताला काम मागणारी किती माणसे पुण्याच्या गाडीत बसतात, ते त्यांना दिसेल. ज्या शिवाराला पंधरा दिवस माणूस पुरत नाही आणि चार महिने माणूस पोसवत नाही, त्याचा दोष माणसाच्या स्वभावात शोधणे हा विचाराचा आळस आहे.

या वादात दोन्ही पक्ष ज्या एका गोष्टीवर निमूटपणे एकमत आहेत, ती मला अधिक घातक वाटते. ती अशी की, कुटुंबाची मिळकत ही एक रक्कम असते, आणि ती कळली की त्या कुटुंबाची स्थिती कळली. तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला हा या समजुतीचा सरकारी अवतार होय. सेतू केंद्राच्या खिडकीशी आलेला अर्जदार शेती, मजुरी, व्यवसाय, नोकरी अशा रकान्यांसमोर थबकतो; त्याला वर्षाचा आकडा ठाऊक नसतो, कारण वर्षाचा आकडा त्याच्या आयुष्यात कधी एकत्र येतच नाही. मग तलाठ्याच्या अहवालात कुठली तरी एक गोल रक्कम पडते, आणि तिच्यावर मुलाची शिष्यवृत्ती, मुलीची फीमाफी आणि घरातल्या बाईचे दीड हजार अवलंबून राहतात. अर्जदार खोटे बोलतो असे म्हणणारे बरेच आहेत. माझ्या मते प्रश्नच असा घातलेला असतो की त्याला खरे उत्तर नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबांची सरासरी मासिक मिळकत १०,२१८ रुपये काढली. तीत पिकांपासून ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारापासून ४,०६३ रुपये. शेतकरी म्हणून ज्याची नोंद होते त्याला शेतापेक्षा दुसऱ्याच्या कामावर अधिक मिळते, हे या आकड्यांचे सांगणे महत्त्वाचे खरेच. पण 'मासिक' या शब्दाने त्या पाहणीने जे झाकले, ते त्याहून महत्त्वाचे आहे. रिसोडच्या कोरडवाहू कुटुंबात पैसा महिन्याला येत नाही. तो दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा येतो, जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचा येतो, पाणी असेल त्याला हरभऱ्याचा येतो. आणि मध्ये लांबच लांब कोरडे पट्टे असतात. खर्च मात्र या वेळापत्रकाची पर्वा करीत नाही. बियाणे, खत, शाळेचा गणवेश आणि वह्या हे सगळे जूनमध्ये, म्हणजे घरातला कणगा आणि खिसा दोन्ही रिते असतात तेव्हा, दार ठोठावतात.

या अंतराची किंमत काय पडते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पीककर्जाचे 'नवं-जुनं' पाहावे. मागचे कर्ज मुदतीत फेडले तर सवलतीचे व्याज आणि पुन्हा नवे कर्ज, असा नियम. फेडण्याचा दिवस येतो तेव्हा पैसा नसतो. म्हणून गावातल्याच कोणाकडून आठ-दहा दिवसांसाठी शेकड्यावर रक्कम उचलावयाची, ती बँकेत भरावयाची, जुने खाते निल करावयाचे, नव्या कागदांवर सह्या करावयाच्या आणि नवे कर्ज हाती पडले की त्यातून आधी त्या माणसाचे मुद्दल व व्याज द्यावयाचे. बँकेच्या दफ्तरी तो नियमित कर्जदार ठरतो. मधल्या आठ दिवसांत व्याजापायी गेलेली रक्कम कोणत्याही दफ्तरी नसते, आणि पेरणीच्या पैशातून ती कमी झालेली असते.

या पार्श्वभूमीवर दरमहा येणाऱ्या दीड हजारांचे मोल रकमेत नसून नियमितपणात आहे, हे माझे म्हणणे. बाईच्या खात्यावर तारीख थोडी इकडेतिकडे झाली तरी महिन्याला येणारा पैसा हा अनेक घरांत इतिहासातला पहिला पगार आहे. त्यावर बचत गटाचा हप्ता निश्चिंतपणे कबूल करता येतो, किराणा दुकानदार उधारी नाकारीत नाही. पत ही रकमेपेक्षा तारखेवर उभी राहते.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. परंतु एक थोर आक्षेपक मला थांबू देत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध लिहिला. आपल्याकडे त्यांचे नाव घेणारे पुष्कळ, पण हा निबंध वाचणारे थोडे, याचे मला फार दुःख आहे. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांनी 'किफायतशीर धारणक्षेत्रा'ची व्याख्या अशी केली होती की, ज्यातून खर्च वजा जाता कुटुंबाचा बऱ्यापैकी निर्वाह चालतो ते क्षेत्र किफायतशीर. आंबेडकरांनी या व्याख्येच्या मुळावरच घाव घातला. कुटुंब किती खाते यावरून धंद्याची किफायत ठरवणे हा त्यांच्या मते उपभोगाच्या बाजूने केलेला विचार होता, आणि उत्पादनाचा प्रश्न त्याने सुटत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्परांशी प्रमाण काय, हा खरा प्रश्न. भांडवल तुटपुंजे असेल तर मोठे शेतही तोट्याचे, आणि भांडवल पुरेसे असेल तर लहान शेतही फायद्याचे. आमच्याकडे जमिनीवर रिकाम्या श्रमांचा भार पडला आहे, तो श्रम काही निर्माण न करता खातो मात्र, त्यामुळे शिल्लक उरत नाही, आणि शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही. तेव्हा शेतीच्या दुखण्यावरचा इलाज शेतीच्या बाहेर, उद्योगधंद्यांत आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. ज्या काळी सारे पंडित तुकडे कसे जोडावेत याच्या योजना आखीत होते, त्या काळी हे सांगणे केवढे धैर्याचे होते!

या निकषावर माझी बाजू घासून पाहिली तर ती डळमळते. दीड हजारांचे समर्थन मी आतापर्यंत निर्वाहाच्या बाजूने केले. म्हणजे कीटिंगसाहेबांच्याच वाटेने गेलो. घर चालते एवढ्यावर समाधान मानणारी नीती ही त्या घराला कायम पोटापुरतेच ठेवणारी नीती होऊ शकते, आणि मतांच्या बाजारात ती स्वस्त पडते म्हणून राज्यकर्त्यांना प्रियही होते. हा आक्षेप त्या परिसंवादातल्या गृहस्थांच्या आक्षेपापेक्षा शतपटीने सखोल आहे.

तथापि आंबेडकरांच्या विवेचनात, त्यांच्याविषयी संपूर्ण आदर ठेवून, एक पुरवणी जोडावीशी वाटते. उपभोग आणि भांडवल हे शास्त्रात वेगळे असले तरी लहान शेतकऱ्याच्या घरात ते एकाच पिशवीत असतात. आजारपण निघाले की बियाण्याचा पैसा दवाखान्यात जातो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातला भाव त्याच्या खाली. शासकीय खरेदीला ओलाव्याची मर्यादा बारा टक्के. ती पंधरा टक्क्यांवर नेण्याची सवलत नोव्हेंबरच्या मध्यावर आली, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. ज्याला दिवाळीपूर्वी थ्रेशरवाल्याचे, मजुरांचे आणि कृषी सेवा केंद्राचे देणे चुकते करावयाचे होते, त्याने ओला माल बाजार समितीत आणून ढिगात हात घालणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडून निघेल त्या भावाने देऊन टाकला. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. माल गोदामात ठेवून किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिने कर्ज मिळते. योजना उत्तम आहे. पण दहा पोती पिकवणाऱ्याला वाळवणे, चाळणे, वाहतूक आणि कागदपत्रे यांसाठी थांबावे लागते, आणि थांबता येणे हीच त्याच्यापाशी नसलेली चीज आहे. थांबण्याची ताकद हे भांडवलच नव्हे काय? चार महिने घराचा किराणा कुठून येणार हे ज्याला ठाऊक आहे, तोच फेब्रुवारीपर्यंत पोते घरात ठेवू शकतो. म्हणून नियमित मिळकत ही निर्वाहाची सोय असूनही, पुरेशी असली तर, उत्पादनाचे साधनही होते. प्रश्न तिच्या फुकटपणाचा नाही, तिच्या अपुरेपणाचा आहे.

पुरेशी नियमित मिळकत द्यावयाची तर ती कामातून द्यावी, हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवण्याची आवश्यकता नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघावी, असा तिचा पाया होता. दांडेकर आणि रथ यांनीही १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडून अखेर हमीच्या कामाचाच आग्रह धरला. ही परंपरा असलेल्या राज्यात काम द्यावयाचे सोडून लोकांना काम नको आहे असे म्हणणे मला क्लेशकारक वाटते.

२०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आमच्या वाशिमचे नाव आले. त्या यादीतून बाहेर पडण्यासाठी या तालुक्याला जे हवे आहे ते फार नाही. पेरणीचे कर्ज मे महिन्यात हाती पडावे, खरेदी केंद्राचे काटे दिवाळीच्या पंधरा दिवस आधी हलू लागावेत, आणि फेब्रुवारी ते मे या काळात बंधाऱ्यांची आणि शेतरस्त्यांची कामे निघून त्यांची मजुरी आठवड्याला मिळावी. आणि आंबेडकरांचे ऋण मानावयाचे असेल तर, ज्या सोयाबीनचे तेल आणि ढेप आणि ज्या तुरीची डाळ दुसऱ्या शहरांत होते, त्यांचे कारखाने मोठ्या संख्येने रिसोडात उभे राहावेत, म्हणजे पुण्याच्या गाडीत बसणाऱ्या पोराला बाराही महिने इथे पगार मिळेल, त्याच्या बापाला पोते विकण्याची घाई उरणार नाही, आणि त्याच्या आईला दीड हजारांसाठी कोणाचे बोलणे ऐकावे लागणार नाही.