न कमावलेली जागा

पाहुणे येणार म्हटले की घर आवरले जाते, ठेवणीतली भांडी निघतात. मेहमाननवाजी हा आपला जुना गुण. पण घरातल्या मुलांना एरवी त्या भांड्यांत जेवायला मिळते का, हे कोणी विचारीत नाही.

ऑक्टोबर 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद भारताकडे होते. 24 संघ, 6 शहरे. त्यांत आपली नवी मुंबई. इतर संघ पात्रता स्पर्धा खेळून आले होते, भारताला यजमान म्हणून जागा मिळाली. तयारी जोरात झाली. शिबिरे भरली, परदेशात सराव सामने झाले. स्पर्धेच्याच वर्षी प्रशिक्षकही बदलला. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव या संघातून खेळला. अमेरिकेने 3-0, कोलंबियाने 2-1 आणि घानाने 4-0 असे हरवले. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने बरोबरीचा गोल केला. विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. पण मिनिटभरातच कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली.

जागा कमावलेली नव्हती, मग हार ठरलेलीच, असे लोक म्हणाले. मला प्रश्न पडला, न कमावलेल्या जागेवर बसणे ही लाजेची गोष्ट आहे का?

त्याच वर्षी 15 सप्टेंबरला राज्यात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातल्या शाळेतही चेंडू आला. मुले अनवाणीच त्याच्यामागे धावली. दिवाळी झाली आणि त्यातली कितीतरी मुले आईबापांबरोबर साखर कारखान्यांकडे गेली. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी हवी असते. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले मागे राहतात, सगळी नाही. मैदान मोकळे झाले, चेंडू कपाटात गेला.

ते रिकामे मैदान पाहताना मला माझे लहानपण आठवले. माझ्या अब्बांचे गावातच शिवणकामाचे दुकान होते. त्यांना कोयता घ्यावा लागला नाही, म्हणून दिवाळीनंतरही मी वर्गात बसलो. माझ्या शेजारी बसणारा मुलगा गणितात माझ्याहून हुशार होता. तो उसाच्या फडात गेला, मी मास्तर झालो. मी तरी कोणती पात्रता फेरी जिंकलो होतो?

म्हणून मला वाटते, न कमावलेली जागा मिळणे ही लाजेची गोष्ट नाही. ती कमावलीच होती असे समजून बसणे ही लाजेची गोष्ट. अशी जागा अमानत असते आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. मैदानावर त्या मुलांनी जीव तोडून धावून आपला हिशेब दिला. उरलेला हिशेब आपल्याकडे आहे.

2022 मध्ये मुलींच्या अशाच स्पर्धेचे यजमानपद भारताला मिळाले. मुली तिन्ही सामने हरल्या, एकही गोल झाला नाही. त्या मुलींना दोष देणे सोपे आहे. पण पाहुण्यांची तारीख ठरल्यावर सुरू होणारी तयारी पाहुण्यांसाठी असते. घरच्या मुलांची तयारी बारा महिने करावी लागते, कोणी बघत नसतानाही.

हंगाम संपला की आमची मुले गावी परततात. त्या वर्षी ती आली, तेव्हा शाळेतल्या चेंडूतली हवा गेलेली होती. मी सायकलच्या दुकानातून ती भरून आणली. एवढ्याने माझा हिशेब फिटला, असे मी म्हणणार नाही.