आजीचे ताट



आज आपण आगमनकाळाची चौथी मेणबत्ती पेटवली. गेल्या आठवड्यात आजारी व वृद्ध भाविकांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी फिरत होतो. एका ओट्यावर जुन्या परातीत नाचणीची रोपे बोटभर उगवलेली दिसली आणि आमचे पाय तिथेच थबकले. आमच्या आजीची परात अशीच होती, तळाला चीर गेलेली. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी ती परातीत माती पसरून नाचणी पेरी आणि रोज सकाळी विहिरीचे पाणी हाताने शिंपडी. नाताळच्या आदल्या दिवशी ते हिरवे शेत गोठ्यापुढे ठेवले की मेंढपाळांच्या मेंढ्यांची सोय झाली असे तिला वाटे.

आमचे बालपण वसईतल्या वाडीत गेले. केळी, पानवेली, मोगरा आणि मधोमध विहीर. डिसेंबरच्या थंडीत संध्याकाळी चुलीजवळ बसून आम्ही नातवंडे नव्या फणीवर कुलकुल वळत असू. आजी नेवऱ्या करी. त्यातील एकही नेवरी मध्यरात्रीच्या मिस्सेआधी कोणाला मिळत नसे. कोणी हात पुढे केला की ती म्हणे, "आधी बाळ जन्माला येऊ दे, मग तुम्ही खा." ती अंगठा उठवणारी बाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला आणि पुढे आपली मिस्सा मराठीत आली. त्याआधीची लॅटिन प्रत्युत्तरे तिला ऐकून ऐकून पाठ झाली होती. "अर्थ कळायचा का गं?" असे विचारले की ती म्हणे, "मला नाही कळायचा. देवाला कळायचा ना?" सेमिनरीत पुढे आम्ही याच प्रश्नावर बराच ऊहापोह ऐकला, पण एवढे थोडक्यात कोणी बोलले नाही.

इथपर्यंत लिहिणे सोपे आहे. आजीच्या अशा आठवणी आपल्या प्रत्येकाकडे आहेत आणि नाताळात त्या फराळाबरोबर बाहेर निघतात. पण संत पौलाने तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र अलीकडे पुन्हा वाचले आणि एक गोष्ट मनाला टोचली. मूळ ग्रीक नव्या करारात 'आजी' हा शब्द फक्त या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात येतो. लोईस ही तीमथ्याची आजी. तुरुंगातून लिहिणारा पौल त्या तरुण शिष्याला तिची आठवण करून देतो. लोईसच्या हाताला काय चव होती हे तो सांगत नाही. तिचा निष्कपट विश्वास तेवढा सांगतो, आणि तो तीमथ्याच्या ठायीही आहे अशी खात्री व्यक्त करतो. आम्ही मात्र आजीची नेवरी लक्षात ठेवली. तिचे ताट विसरलो.

ते ताट असे. आमच्या आजोबांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे बांधावरून व विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्या जन्माआधीच बोलणे बंद झाले होते. दोन घरांमध्ये केळीच्या चार रांगा, पण जाणे-येणे नाही. आजी मात्र दर नाताळच्या सकाळी एक पितळी ताट भरी, त्यावर स्वतः काठ शिवलेला पांढरा रुमाल घाली आणि आम्हा मुलांच्या हाती देई. "धाकट्या आजीला द्या, आणि 'आजीने दिलंय' एवढंच म्हणा." आम्ही दोघे-तिघे भीत भीत जात असू. धाकटी आजी दार उघडी, ताट आत नेई, आणि तासाभराने त्यांच्याकडील मूल ते परत आणून ठेवी. सगळे जसेच्या तसे. रुमालाची घडीसुद्धा मोडलेली नसे. आम्हाला राग येई. आजोबा खाटेवरून पुटपुटत, "झालं समाधान?" आजी ताट उतरवून घेताना म्हणे, "ताट परत आलं ना? मग त्यांनी दार उघडलं होतं."

किती वर्षे असे चालले ते नक्की आठवत नाही. चार तरी असतील. मग एका नाताळला ताट घासूनपुसून परत आले आणि त्यात सुक्या केळीच्या पानात बांधलेली राजेळी केळ्यांची सुकेळी होती. दोघे भाऊ तरीही बोलले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आजोबांनी, ही कुठून आली असे न विचारता, दोन सुकेळी खाल्ली.

आजी २००१ च्या ऑगस्टमध्ये देवाघरी गेली. आम्ही तेव्हा गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. त्या डिसेंबरात आमच्या हाती संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' होते. त्याच्या दहाव्या भागात स्मृतीचे वर्णन आहे. माणसाच्या आत एक प्रशस्त दालन असते आणि तिथे सारे साठवलेले असते, असे काहीसे. त्यावर आम्ही लांबलचक निबंध लिहिला व तो वाखाणलाही गेला. नवव्या भागात ऑगस्टीनची आई मोनिका ओस्तिया बंदरात मृत्युशय्येवर आहे. माझे शरीर कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच ती मुलांकडे मागते. ते पान आम्ही भराभर उलटले, परीक्षेला ते नव्हते.

नाताळला घरी आलो. घरात दुःख होते, म्हणून रिवाजाप्रमाणे चुलीवर फराळ चढला नव्हता. सकाळी दारात त्या घरची नात उभी. हातात ताट, वर रुमाल. "धाकट्या आजीने दिलंय." दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी फराळ पाठवायचा ही रीत त्या म्हातारीने पाळली होती, आमच्या आजीसाठी. पण त्याच वर्षी जमिनीला भाव आला होता, बांधाचा वाद कोर्टात गेला होता, आणि आमच्या घरातील मोठी माणसे संतापलेली होती. ताट आहे तसे परत गेले. कोणी परत पाठवले हे सांगण्यात अर्थ नाही. आम्ही तिथेच बसलो होतो. एकवीस वर्षांचे होतो, उद्या धर्मगुरू होणार होतो, आणि गप्प राहिलो. मूल वळले तेव्हा आम्ही उठून चार पावले जरी गेलो असतो तरी पुरे होते.

धाकटी आजी पुढे वारली. आम्ही तेव्हा परगावच्या धर्मग्रामात होतो, अंत्यविधीला गेलो नाही. जाता आले असते. कोर्टातला दावा यथावकाश मिटला आणि दोन्ही वाड्या गेल्या. वेदीवर उभे राहून प्रभूच्या स्मरणार्थ भाकर मोडताना, त्याने शिष्यांना काही 'करायला' सांगितले होते हे आम्ही तुम्हाला अनेकदा शिकवले आहे. त्या वेळी मृतांसाठी प्रार्थना येते, आम्ही दोघी आजींना एका पाठोपाठ एक आठवतो, आणि दुसऱ्या नावापाशी आवाज थोडा अडखळतो. काहींनी त्याविषयी विचारले होते. कारण हे.

येत्या ३० डिसेंबरच्या शुभवर्तमानात हन्ना भेटेल, फनुएलची कन्या, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. मंदिरात बाळ दिसताच ती गप्प बसत नाही, भेटेल त्याला सांगत सुटते. तिच्याविषयी त्या दिवशी मिस्सेत बोलूच.

आजीचे पितळी ताट आमच्या बहिणीकडे आहे. यंदा नाताळच्या सकाळच्या मिस्सा आटोपल्या की दुपारी आम्ही ते घेऊन धाकट्या आजीच्या मुलाकडे जाणार आहोत. जुन्या विहिरीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना कळवलेले नाही. आमच्या आजीनेही कधी कळवले नव्हते. या वेळी मुलांच्या हाती देणार नाही, स्वतः नेऊ. नेवऱ्या मात्र बहीणच करणार आहे, आमच्या नेवऱ्या तेलात उकलतात.

आपणा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.

आपले धर्मगुरू