केरसुणीचे देवत्व

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नवी केरसुणी पाटावर ठेवून, तिला हळदकुंकू वाहून, साक्षात लक्ष्मी म्हणून जिच्यापुढे घरातील थोरामोठ्यांची मस्तके लवतात, तिच्याचकडून उत्तररात्री घर झाडून घेऊन अलक्ष्मीची हकालपट्टी करण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. आणि वर्षाचे उरलेले दिवस ती दाराआड पडून असते. मग तिच्या ठायीचे देवत्व त्या एका रात्रीपुरते येते आणि जाते, की ते सदैव असूनही एरवी आपल्या दृष्टीस पडत नाही?

हा प्रश्न मनात येण्यास निमित्त झाले ते बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या छायाचित्रांचे. घरातील नित्याच्या वापरातली कोणतीही एक वस्तू घेऊन तिची छायाचित्रमाला करावी, असे काम तिला महाविद्यालयाने दिले होते आणि तिने शिंदीच्या पानांची केरसुणी निवडली. तिरप्या उन्हात निजलेली, ओल्या फरशीवरून फिरून टोके चिकटलेली, मुठीचे वेढे दिसावेत इतक्या जवळून टिपलेली आणि अखेरीस झिजून वीतभर उरल्यावर मोरीपुरती नेमून दिलेली, अशी तिची सारी अवस्थांतरे त्या मालेत आहेत.

छायाचित्रणकलेला हा विषय तिच्या बाल्यापासून ठाऊक आहे. इंग्लंडात लॅकॉक येथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ साली उघड्या दाराशी टेकवून ठेवलेल्या झाडूचे छायाचित्र घेतले आणि 'द पेन्सिल ऑफ नेचर' या आपल्या ग्रंथात त्यास स्थान दिले. त्या झाडूस कोणी हळदकुंकू वाहिले नव्हते. तरीही त्या चित्रापुढे मन स्थिरावते, कारण एका सामान्य वस्तूस तेथे पूर्ण अवधान मिळाले आहे. असे अवधान ही उपासनेची पहिली पायरी होय, असे मी मानतो. परंतु ती शेवटची नव्हे.

बोळिंजहून जवळच असलेल्या नालासोपाऱ्यास 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणले, तेव्हा तेथील स्तूपातील दगडी पेटीत तांब्याचा, रुप्याचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकात एक करंडे निघाले, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात होते मातीच्या भांड्याचे तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. ज्या पात्रात दारोदारचे अन्न पडावयाचे, त्यास श्रद्धेने सुवर्णाचे घर दिले. मात्र त्या घरात शिरताक्षणी त्याचा भुकेशी असलेला संबंध कायमचा तुटला. यात त्या भाविकांचा दोष मी मानीत नाही, पण छायाचित्राचीही गत तीच आहे, हे नमूद केले पाहिजे: वस्तूला ते काळाच्या हातून सोडविते आणि त्याबरोबरच तिच्या कामापासूनही.

केरसुणीचे भाग्य याहून निराळे, आणि माझ्या मते थोर आहे. पूजा झाली म्हणून तिला कामातून रजा मिळत नाही. दिवसा गावातील रस्ते खराट्याने झाडणारे आणि रात्री कीर्तनास उभे राहणारे गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी झाडणे आणि भजणे यांत भेद मानला नाही. वर्षभर दाराआड असलेल्या देवत्वाचा याहून सबळ दाखला मला ठाऊक नाही.

तथापि या पूजेच्या हिशेबात एक मोठी बाकी आहे. शिंदीची पाने वळून केरसुणी बांधण्याचे काम महाराष्ट्रात परंपरेने मातंग समाजाकडे आले; आणि ज्या माणसास शतकानुशतके उंबरठ्याबाहेर उभे केले, त्याच्याच हातची वस्तू लक्ष्मी होऊन देवघरापर्यंत गेली. वस्तूत देव दिसावा आणि ती घडविणाऱ्यात तो दिसू नये, ही श्रद्धा अपुरीच नव्हे, तर अधर्म्य आहे. त्या विद्यार्थिनीच्या छायाचित्रांतही केरसुणी आहे, पण हात एकही नाही. ती चित्रे तिने पुढे चालवावीत आणि केरसुणी बांधणाऱ्यांना, त्यांच्या संमतीने, त्यांत आणावे, असे मी तिला सांगितले आहे. वाचकांसही माझी विनंती आहे की, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येस बाजारात केरसुणी घेताना भावाची घासाघीस करू नये, आणि पहिला नमस्कार ती विकावयास बसलेल्या माणसास करावा.