चकाकीचा जमाखर्च

मोटारगाडी धुऊन, घासून, पुसून तिचे गेलेले तेज तिला परत मिळवून देण्याच्या कामावर दूरचित्रवाणीने तासतासभराचे कार्यक्रम रचावेत, ज्यांच्या दारी मोटार नाही अशा माणसांनीही ते पाहण्यात आपली संध्याकाळ खर्ची घालावी, आणि पाहून झाल्यावर त्यांतील कारागिरीच्या गुणदोषांवरून परस्परांशी हमरीतुमरीवर यावे, हा प्रकार तिऱ्हाइताला निव्वळ रिकामटेकडेपणाचा वाटण्याजोगा आहे. परंतु या प्रेक्षकवर्गाची मते जरा धीराने ऐकून घेतली, तर त्यांत एक विलक्षण गोष्ट आढळते. करमणुकीच्या बहुतेक सर्व प्रकारांत प्रेक्षकाचे गाऱ्हाणे कंटाळवाणा भाग फार झाला असे असते. येथील जाणत्या प्रेक्षकाचे गाऱ्हाणे नेमका तोच भाग गाळला असे असते. धुणे दाखवा, घासणे दाखवा, त्याच एका दारावरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवणे दाखवा, असा त्याचा तगादा असतो, आणि हा तगादा, त्याला लागणारी विकृत वळणे वगळली, तर मला न्याय्य वाटतो.

ज्याला हल्ली सर्वत्र डिटेलिंग म्हणतात ते काम वॉशिंग सेंटरवरच्या फवाऱ्याने उरकणारे नव्हे. प्रथम गाडीवरची सुटी धूळ पाण्याने वाहून जाऊ द्यायची. मग एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यापुरते स्वच्छ पाणी अशा दोन बादल्या घेऊन टपापासून खाली या क्रमाने धुवायचे, कारण टपावरची धूळ खालच्या पट्टीवर आलेली एक वेळ चालते, खालचे वाळूचे कण टपावर गेलेले चालत नाहीत. ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे सूक्ष्म कण एका विशिष्ट द्रावणाने विरघळवावे लागतात, आणि विरघळताना ते जांभळे होऊन चाकांवरून ओघळतात. तरीही उरलेली खर क्ले बार नावाच्या मऊ लगद्याने, पृष्ठभाग सतत ओला ठेवून, ओढून काढावी लागते. एवढे झाल्यावर कुठे पॉलिशचे यंत्र हाती घ्यायचे. आधुनिक मोटारीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा जो पारदर्शक थर असतो त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या सर्वसाधारण केसाहूनही कमी भरते. आणि पॉलिश करणे म्हणजे त्या थराची पातळी ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवणे, अर्थात त्या तुटपुंज्या पुंजीतून दोन-चार मायक्रॉन कायमचे खर्च करणे होय. म्हणूनच सचोटीचा कारागीर आधी जाडी मोजण्याचे उपकरण ठिकठिकाणी टेकवून पाहतो, वीतभर चौकोनावर सर्वांत सौम्य मिश्रण अजमावतो, आणि ते अपुरे ठरले तरच अधिक तीक्ष्ण मिश्रणाला हात घालतो. शेवटी ब्राझीलमधील एका ताडवर्गी वृक्षाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण किंवा अलीकडचे सिरॅमिक कोटिंग चढवले जाते, तोवर कारागिराचे दोन-तीन दिवस सरलेले असतात. दूरचित्रवाणीचे लक्ष मात्र बहुधा तेथून पुढेच जागे होते.

याचे कारण असे की, दूरचित्रवाणीला तेज दाखवता येते. ते तेज खरे की उसने हे दाखवणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. रंगावरचे बारीक वर्तुळाकार ओरखडे उन्हात किंवा हातातल्या प्रखर दिव्याखाली कोळिष्टकासारखे उमटतात. चित्रीकरणासाठी मोठमोठ्या पांढऱ्या पडद्यांतून गाळून पसरवलेल्या उजेडात तेच ओरखडे अंतर्धान पावतात, आणि यात कोणाची लबाडी असावीच लागते असेही नाही. ओली गाडी तर नेहमीच चकाकते. शिवाय काही तेलकट ग्लेझ अशी असतात की ती ओरखडे काढीत नाहीत, केवळ बुजवतात, आणि चार वेळा गाडी धुतली की ते पुन्हा डोके वर काढतात. हे सर्व ठाऊक असलेला प्रेक्षक मग मागण्या करतो: गाडी उन्हात आणा, अल्कोहोलने पुसून मग दाखवा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. या मागण्या वरवर किरकोळ व खवचट वाटतात, परंतु त्या वस्तुतः पुराव्याच्या मागण्या आहेत. साक्षीदाराने डोळ्यांनी काय पाहिले एवढे पुरत नाही, कोणत्या उजेडात पाहिले हेही विचारावे लागते, हे कोणत्याही मुन्सफाला सांगावे लागणार नाही.

संशयाची आणखी एक बाब म्हणजे बाटली. अशा कार्यक्रमांत कारागिराच्या हातात जे द्रव्य असते त्याची पाटी प्रेक्षकाकडे वळलेली असते, आणि ती योगायोगाने वळलेली नाही हे प्रेक्षकाला पुरते ठाऊक असते. 1901 साली फर्निचरच्या पॉलिशपासून आरंभ झालेल्या मग्वायर्स या अमेरिकन पेढीच्या घराण्यातले बॅरी मग्वायर हे तर स्पीड वाहिनीवरील ‘कार क्रेझी’ या कार्यक्रमाचे स्वतःच सूत्रधार होते. मला या उघड हितसंबंधाचे फारसे वावडे नाही. दुकानदार आपल्या गादीवर बसून आपल्या मालाची तारीफ करतो तेव्हा गिऱ्हाईक सावध असते. अडचण होते ती तारीफ त्रयस्थाच्या मुखातून वदवली जाते तेव्हा.

परंतु प्रेक्षकांच्या मतांचे खरे मर्म ज्यात प्रकट झाले तो कार्यक्रम काटेकोर अर्थाने डिटेलिंगचा नव्हे. 2003 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘व्हीलर डीलर्स’मध्ये माइक ब्रूअर एखादी जुनी गाडी घासाघीस करून विकत घेत, एड चायना नावाचे उंचेपुरे यंत्रकारागीर नारिंगी हातमोजे चढवून तिची दुरुस्ती करीत, आणि शेवटी ती विकली जाई. इंजिनाच्या दुरुस्तीबरोबरच पोचे काढणे, आसनांच्या कातड्याला पुन्हा रंग देणे, निस्तेज रंगावर पॉलिश करणे ही कामेही त्यात येत. अखेरीस जमाखर्च मांडला जाई: खरेदी इतकी, सुटे भाग इतके, विक्री इतकी, नफा इतका. या हिशेबात चायना यांच्या मजुरीचा एक छदामही धरलेला नसे. जेथे गॅरेजच्या बिलात तासांची मजुरी हाच बहुधा सर्वांत जड आकडा असतो अशा देशात हे प्रेक्षकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते, आणि मजुरी धरली तर नफ्याचे कित्येक आकडे तोट्यात जातील हा शेरा त्या कार्यक्रमाच्या जन्मभर त्याच्या मागे लागून राहिला.

भारतात डिस्कव्हरी टर्बो वाहिनीवरून हा कार्यक्रम आपल्याकडेही पाहिला गेला. पण ती गाळलेली रक्कम आपल्याला कितपत खटकली असेल याविषयी मी साशंक आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पहाटे रहिवासी उठण्यापूर्वी एक माणूस एक बादली व एक फडके घेऊन ओळीने गाड्या पुसून जातो. त्याला दरमहा मिळणारी रक्कम मालक आपल्या मोटारखर्चात स्वतंत्र कलम म्हणून क्वचितच मांडतो. त्या एकाच फडक्यातली वाळू साऱ्या गाड्यांवर वर्तुळे कोरीत जाते, पुढे तोच मालक डिटेलिंगवाल्याकडे हजारो रुपये मोजून ती वर्तुळे काढून घेतो, आणि ठपका त्या पहाटेच्या माणसावर ठेवतो; त्या पगारात दुसरी बादली आणि दुसरे फडके बसते का, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवत नाही. ज्या समाजात श्रम स्वस्त असतात तेथे ते हिशेबातून वगळले गेले तर कोणी दचकत नाही.

ब्रिटिश प्रेक्षक दचकत असे, तरीही वर्षानुवर्षे पाहत असे, आणि या विसंगतीचा उलगडा मला असा वाटतो. त्या कार्यक्रमाने कारागिराला पैशाच्या रकान्यात शून्य दिले होते, परंतु वेळेच्या रकान्यात सढळ हाताने दिले होते. गंजलेला बोल्ट न तुटता कसा सोडवावा, हे निवांतपणे दाखवले जाई, आणि त्या मिनिटांतच जणू त्याची मजुरी चुकती होई. मार्च 2017 मध्ये चायना यांनी कार्यक्रम सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्याचे कारण दिले, ते हेच की कार्यशाळेतील कामाचा भाग आता कमी करण्याचा निर्मात्यांचा मानस होता, आणि तसे झाल्यास कामाचा दर्जा राखता येणार नव्हता. पैसा आधीच नव्हता; आता मिनिटेही जाणार होती. प्रेक्षकांत जो क्षोभ उसळला तो एका आवडत्या माणसाच्या वियोगापुरता नव्हता. त्या न मांडलेल्या मजुरीची जुनी थकबाकीच त्यात वर आली, असे मला वाटते.

त्या क्षोभाचे पुढे जे झाले ते मात्र लाजिरवाणे होते. ब्रूअर यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला, धमक्या त्यांच्या कुटुंबापर्यंत पोचल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. आणि चायना यांच्या जागी आलेले अँट अँस्टेड, जे स्वतः मोटारी बांधणारे कसबी कारागीर आहेत, त्यांना हातात पाना घेण्याआधीच अपात्र ठरवण्यात आले. श्रमाच्या प्रतिष्ठेसाठी भांडणाऱ्यांनी दुसऱ्या श्रमिकाचे काम न पाहताच निकाल द्यावा, यासारखा आत्मघातकी युक्तिवाद नाही.

निर्मात्यांचीही कैफियत ऐकली पाहिजे. जाणता प्रेक्षक बोलका असतो, म्हणून तो बहुसंख्य असतो असे नाही. बहुसंख्यांना आधीची दुर्दशा आणि नंतरची शोभा एवढेच हवे असते, आणि 2004 ते 2007 या काळात एमटीव्हीवर चाललेला ‘पिंप माय राइड’ त्याच भांडवलावर लोकप्रिय झाला. पुढे त्यातील काही गाडीमालकांनी सांगितले की, गाडीत बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरणापुरत्याच होत्या आणि नंतर काढून घेतल्या गेल्या. हे ऐकून जुने प्रेक्षक हळहळले खरे, पण ज्याने काम कधी पाहिलेच नाही त्याला फसवणूक ओळखण्याचे साधन तरी काय होते?

आणि जाणत्या प्रेक्षकातही एक खोड आहे, ती अशी की चकाकीवर त्याची श्रद्धा कधी कधी निर्मात्याहूनही अंध असते. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे 1950 पासून भरणाऱ्या सुप्रसिद्ध मोटार-स्पर्धेत, जीर्णोद्धार न करता मूळ रूप राखलेल्या जुन्या गाड्यांसाठी आता स्वतंत्र वर्ग आहेत. तेथे फाटके कातडे आणि विरलेला रंग हीच गाडीची सनद ठरते. अशी गाडी पडद्यावर आली की ‘एवढे ओरखडे का ठेवले’ म्हणून विचारणारा प्रेक्षक हटकून भेटतो. थर एकदा उतरवला की पुन्हा चढत नाही, हे पाठ असलेल्या माणसाने तरी असे विचारू नये.

तेव्हा उभयपक्षांचे म्हणणे लक्षात घेता माझा निवाडा असा की, प्रेक्षकांची मूळ मागणी मंजूर व्हावी, तिच्यासोबत आलेली शिवीगाळ दप्तरातून काढून टाकावी. आणि असे कार्यक्रम करणाऱ्यांना एवढीच विनंती की, शेवटी जो जमाखर्च पडद्यावर झळकतो त्यात कामाच्या तासांचा एक रकाना वाढवावा. त्या तासांचे मोल रुपयांत किंवा पौंडांत नाही मांडले तरी चालेल. किती तास लागले एवढाच आकडा द्यावा, बाकीचा हिशेब प्रेक्षक स्वतः करील.