हुकमाची हद्द

१४ डिसेंबर १९६१ रोजी लिस्बनहून गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना संदेश आला. १९३२ पासून पोर्तुगालची सत्ता हाती ठेवणाऱ्या सालाझार यांचा हुकूम स्पष्ट होता: तह नाही, शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी जिंकतील किंवा मरतील. किमान आठ दिवस झुंजायचे, म्हणजे तेवढ्या अवधीत जगापुढे दाद मागता येईल.

वासालो ई सिल्वा यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते आणि एक जुनी युद्धनौका. लढाऊ विमान एकही नव्हते. समोर भारताची तिन्ही दले उभी होती. निकालाबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्या सैनिकांकडून विजयाची अपेक्षाच नव्हती; त्यांच्या मरणातून राजवटीची प्रतिष्ठा सावरायची होती. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगीज सैनिकांचे जीव वाचले, तशी गोव्यातली घरेदारेही वाचली.

वासालो ई सिल्वा यांना नायक ठरवण्याची घाई मात्र नको. ते एका वसाहतवादी राजवटीचे प्रमुख होते. त्याच राजवटीने पकडलेले स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. तरीही त्या एका निर्णयाचे मोल कमी होत नाही. शिस्त ही सैन्याची ताकद खरी; पण ज्या हुकमाला लष्करी हेतूच उरलेला नाही, तो पाळण्यासाठी दुसऱ्यांचे प्राण देणे म्हणजे शौर्य नव्हे.

किंमत त्यांना मोजावी लागली. युद्धकैदी म्हणून काही महिने काढून ते मायदेशी परतले आणि १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ झाले. पराभवाचे खापर राजवटीने सैन्यावर फोडले, ही गोष्ट अनेक अधिकारी विसरले नाहीत. पुढे अंगोला, गिनी आणि मोझांबिकमधल्या न संपणाऱ्या युद्धांनी, राजवट सैनिकांचे प्राण व्यर्थ पणाला लावते, अशी त्यांची खात्रीच पटवली. २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण कॅप्टनांनी उठाव केला. सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन आलेल्या साल्गेरो माया यांनी पंतप्रधान कायतानो यांना लिस्बनच्या कार्मो छावणीत वेढले आणि रक्तपात टाळत शरण आणले. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, घटना समितीसाठी मुक्त निवडणूक झाली. वासालो ई सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोअरेस यांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

गोव्यातली शरणागती आणि लिस्बनमधला उठाव, या दोन्ही प्रसंगांचे मूळ मला एकच दिसते. सैनिकांचे प्राण कशासाठी मागता, असा जाब सत्तेला विचारू शकेल अशी संसद पोर्तुगालमध्ये नव्हती, मोकळी वृत्तपत्रेही नव्हती. म्हणून तो प्रश्न आधी एका जनरलला एकट्याने सोडवावा लागला आणि नंतर कॅप्टनांना चिलखती गाड्या घेऊन रस्त्यावर यावे लागले. पोर्तुगालचे नशीब चांगले, त्या उठावाची परिणती लोकशाहीत झाली. अनेक देशांत सैन्य रस्त्यावर आले ते पुन्हा छावणीत गेलेच नाही.

सैन्याने राजकारणापासून दूर राहावे, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण मग युद्धाचा हेतू आणि त्याची किंमत सत्तेला विचारण्याचे काम नागरिकांवर येते. युद्धकाळात असे प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याशी द्रोह, ही समजूत चुकीची आहे. आपण ते वेळेवर विचारले, तरच आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांतून एकाची निवड करण्याची पाळी अधिकाऱ्यावर येणार नाही.